दारं तीन, माणसं दोन

समजा, संस्था तुमची दोन माणसांची, प्रवासखर्चाला पैसे बेताचे, आणि इंटरनेटचे नियम ठरतात तिथे मराठीचं म्हणणं मांडायचंय. मग आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना), आयजीएफ (संयुक्त राष्ट्रांचं इंटरनेटविषयीचं चर्चापीठ) की आयकॅन (इंटरनेटवरच्या पत्त्यांची, म्हणजे डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था)? तिन्हीकडे सरकारं, कंपन्या आणि नागरी संस्था येतात. पण मांडीला मांडी लावून बसणं वेगळं आणि शब्दाला वजन असणं वेगळं.

आयटीयू आधीच बाजूला ठेवा. ही १८६५ची, जिनिव्हातली संघटना. कंपन्यांना वर्गणी भरून आत येता येतं, मत मात्र देशांचंच. २०१२ साली दुबईत नव्या दूरसंचार नियमावलीवर ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही. भारतानेही तेव्हा केली नव्हती. तुम्हाला तिथे जायचं तर बहुतेक वेळा सरकारी शिष्टमंडळाचं बोट धरूनच.

आयजीएफ याच्या उलट. २००६ साली अथेन्सला सुरू झालं, २००८ साली हैदराबादला येऊन गेलं. नाव नोंदवा आणि या, पैसे नाहीत. ऑनलाइनही बसता येतं. बंधनकारक ठराव नाही, मतदान नाही. 'नुसत्या गप्पा' म्हणून नाकं मुरडली जातात, पण मला हे अर्धंच पटतं. जिंकण्यासारखं काही नसल्यामुळे तिथे अधिकारीही जरा मोकळं बोलतात. पहिल्या वर्षी ओळखी करून घ्यायला हीच जागा बरी.

निर्णय मात्र आयकॅनमध्ये होतात. १९९८ची, कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी सरकारची तिच्यावर कराराने असलेली देखरेख संपली. इथे सरकारं सल्ला देतात, हुकूम नाही. त्यांनी एकमताने दिलेला सल्लाही संचालक मंडळ ६० टक्के मतांनी फेटाळू शकतं. वेबपत्त्याच्या शेवटी येणारं 'डॉट ॲमेझॉन' हे नाव ॲमेझॉन कंपनीला द्यायला ॲमेझॉन खोऱ्यातल्या देशांचा वर्षानुवर्षे विरोध होता; शेवटी ते नाव कंपनीलाच मिळालं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे लिपीचे नियम इथे ठरतात. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत केवढा फरक! डोमेन नावांत देवनागरीची कोणती अक्षरं चालतील हे ठरवताना या आडव्या र साठी वेगळी तरतूद करावी लागली. मराठी लिहिणारं कोणी नसेल, तर असला मुद्दा काढणार कोण?

पण किंमत आहे. शेकडो पानांचे इंग्रजी मसुदे, अवेळी होणाऱ्या ऑनलाइन बैठका, आणि समोर हेच काम पगारावर करणारी कंपन्यांची माणसं. बरोबरी कागदावर आहे. वेळेच्या बाबतीत नाही. नवख्यांसाठी फेलोशिप असते, अर्ज जरूर करा.

एकूण, भाषा, लिपी किंवा डोमेनचा प्रश्न असेल तर आयकॅन, आणि किमान दोन वर्षं द्यायची तयारी हवी. इंटरनेटबंदीबद्दल बोलायचं असेल तर तिथे जाऊ नका. भारतात तो आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या पातळीवर निघतो. आयकॅनचा त्याच्याशी संबंध नाही आणि आयजीएफमध्ये फार तर एक चर्चासत्र होईल.