जुन्या पेठेतलं नवं संकुल: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक दिवाळी वापरल्यावर

जळगावात दाणा बाजार, सुभाष चौक, फुले मार्केटच्या आसपास जुनी दुकानं-वाडे पाडून तळघर आणि वर चार मजले अशी संकुलं उभी राहतायत. त्यातल्याच एका संकुलातल्या तळमजल्यावरच्या गाळ्याचा हा अनुभव. ताबा मार्चमध्ये मिळाला, म्हणजे आता अकरा महिने झाले. दहापैकी सहा गुण. रस्त्यावरून दिसतं ते काम चांगलं आहे. कापलेले चार गुण बहुतेक जमिनीखाली आणि मागच्या डक्टमध्ये (इमारतीमागची उभी अरुंद पोकळी) गेलेत.

चांगलं आधी, कारण ते लवकर संपतं. प्रत्येक मजल्यावर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे. जुन्या पेठेत याचीच वानवा होती. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब आता घाई करत नाही. मीटर स्वतंत्र खोलीत, वायरी कुठे लोंबत नाहीत. कार्पेट क्षेत्र करारात १९.५ चौरस मीटर, टेप लावून तेवढंच भरलं. (रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरचा कायदा; त्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंतींची जाडी धरत नाहीत, आतल्या पार्टिशनची धरतात. मोजताना हे विसरू नका.)

उन्हाळ्याचं गणित मात्र चुकलंय. दर्शनी बाजू पश्चिमेला आणि तिला वरपासून खालपर्यंत ५ मिमीची एकेरी काच. क्षेत्रफळाच्या ठोकताळ्यानं दीड टनाचा एसी पुरायला हवा, पण त्या ठोकताळ्यात काच नसते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी तीन ते सहा एसी नुसता चालतो, गार करत नाही. आतून फिल्म लावून थोडाच फरक पडला, कारण काच तापायची ती तापतेच. छज्जा वाढवूनही भागत नाही. दक्षिणेचं ऊन वरून येतं ते छज्जा अडवतो, पश्चिमेचं आडवं शिरतं. बाहेरून सोडायचा गुंडाळता पडदा किंवा उभ्या पट्ट्या हाच उपाय. नकाशा अजून कागदावर असेल तर पश्चिमेला काच कमी करून घ्या.

एसीचे बाहेरचे युनिट ठेवायला चार फूट रुंद डक्ट दिलाय. दिसायला नीटनेटका, पण त्यात प्रत्येक मजल्याचे सहा-सहा युनिट. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, तिसऱ्या मजल्यावरचे कॉम्प्रेसर भर दुपारी ट्रिप होतात. युनिट मागच्या भिंतीवर उघड्या हवेत काढले की त्रास थांबतो. तांब्याची नळी लांबते, म्हणून गॅस थोडा वाढवून घ्यावा लागतो. कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो.

आता तळघर. अशा संकुलाचा खरा कस इथेच लागतो. रॅम्पचा उतार दर आठ फुटांना एक फूट, वर गुळगुळीत कोबा. माल लादलेली मोपेड ओल्या कोब्यावर चढत नाही. आडव्या खाचा पाडल्यावर चढायला लागली. रॅम्पच्या तोंडाशी आणि पायथ्याशी, दोन्हीकडे आडवी जाळीची गटार लागते. इथे फक्त पायथ्याशी आहे. त्यात ताबा मिळाल्यावर समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, पातळी जवळपास सहा इंच वर आली, आणि पहिल्याच जोरदार पावसात रस्त्याचं पाणी सरळ आत. शेवटी तोंडाशी नऊ इंचांचा चढ बांधावा लागला. रस्त्याची भावी पातळी विचारून प्लिंथ (जोत्याची उंची) ठरवली असती तर हा खर्च वाचता.

पाणी उपसायला खड्ड्यात एक अश्वशक्तीचा एकच पंप होता. वादळी पावसात आधी लाईट जाते, म्हणजे पंप नेमका नको तेव्हा बंद. आता दोन पंप, दोघांना वेगवेगळे फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारे), आणि जनरेटरवरून वेगळी लाईन. फ्लोटमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात हात घालावाच लागतो.

काळ्या मातीचा प्रकार त्याहून खोल आहे. इमारतीचा पाया खाली पक्क्या थरावर, तिला काही झालेलं नाही. पण पायासाठी खणलेली कडेची मोकळी जागा त्याच काळ्या मातीनं बुजवली. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. परिणाम: भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक तीन इंच खचले, सांडपाण्याचा पाइप जोडावर निखळला, आणि ते पाणी तळघराच्या भिंतीतून पाझरायला लागलं. आतून लावलेला वॉटरप्रूफिंगचा रंग दोन महिन्यांत पोपडे धरून गळला, कारण पाणी मागून ढकलतं. थर बाहेरूनच हवा, आणि तो माती भरण्याआधीच. भरावाला मुरूम, नऊ-नऊ इंचांचे थर, पाणी मारून ठोकलेला. हे बांधकाम चालू असतानाच जाऊन बघा, नंतर कुणी उकरून दाखवत नाही.

पाण्याचा हिशोब साधा आहे. दुकान-ऑफिसला माणशी रोज ४५ लिटर धरतात. इथे कामाला १४० माणसं, म्हणजे ६,३०० लिटर. दोन दिवसांआड नळ धरला तर तीन दिवसांचा, म्हणजे जवळपास १९,००० लिटरचा साठा हवा. खालची टाकी १०,००० ची. बाकी बोअरवर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की भिंतीत लपवलेले फ्लश व्हॉल्व्ह क्षारानं अडकतात. त्याजागी साधी उघडी फ्लशटाकी बसवली. वॉशर दहा मिनिटांत बदलतो.

लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची, दार ७०० मिमी. कापडाची गाठ आडवी जात नाही, उभी केली तर हमाल दार पायानं धरून ठेवतो. ऐन दिवाळीत दाराचा सेन्सर दोनदा गेला. लोटगाडीवरून येणारा माल वरच्या मजल्यांवर जाणार असेल, तर निदान ८०० मिमी दाराची, ५४४ किलोची लिफ्ट मागा. तळमजल्याचे गाळेधारक लिफ्टचा वाटा द्यायला कुरकुर करतात. पण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा पडतो, वापरा किंवा नका वापरू. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक) बांधकाम खर्चावर वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बिल्डरनं मेंटेनन्स आगाऊ घेतला असेल तर सोसायटी ताब्यात घेताना त्याचा हिशोब आधी मागा.

दोषांची तक्रार लेखी द्या, तारीख-फोटोसह. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या भांडणाला कुणी विचारत नाही. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेले बांधकामातले दोष बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे असतात. इथे पाझराचं काम त्याच पत्रावर सुरू झालं.

एक शेवटचं, आगीच्या टाकीचं. नळाचं पाणी आधी तिच्यात पडून, ती भरल्यावर वापराच्या टाकीत उतरायला हवं. म्हणजे ती कायम भरलेली आणि पाणी खेळतं. इथे दोघींना वेगळ्या जोडण्या, त्यामुळे आगीच्या टाकीतलं पाणी हिरवं पडलं आणि टंचाईत त्यातूनच मोटर लागली. परवानाधारक संस्थेचा ‘ब’ नमुना, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. त्या दिवशी दाबमापकाच्या फोटोवर भागवू नका. चौथ्या मजल्यावरची होज रील (आगीसाठीची गुंडाळलेली नळी) उलगडून पाणी सोडायला लावा.