पिरानेसी: रंगवायला बसण्याआधी मॉडेल कसं तयार करावं

घरमालकाला फोटोसारखं रेंडर (कॉम्प्युटरने मॉडेलवरून काढलेलं चित्र) दाखवलं की तो ग्रिलच्या डिझाइनवर आणि टाइल्सच्या रंगावर अडकतो. हाताने रंगवल्यासारखं चित्र दाखवलं की घराबद्दल बोलायला लागतो. टिळकवाडीत बसून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आर्किटेक्टांना मी व्ह्यू करून देते आणि पहिल्या मीटिंगच्या चित्रासाठी अजूनही पिरानेसीच उघडते. थ्री-डी मॉडेलच्या चित्रावर हाताने रंगवल्यासारखं रंगकाम करायचं हे सॉफ्टवेअर जुनं आहे, १९९०च्या दशकात केंब्रिजमध्ये घडलेलं. नाव घेतलंय रोमच्या वास्तूंची कोरीव चित्रं करणाऱ्या इटालियन कलावंताचं (१७२०–१७७८).

साध्या चित्राच्या पिक्सेलमध्ये फक्त रंग असतो. पिरानेसीच्या इपिक्स फाइलमध्ये त्या रंगाबरोबर आणखी दोन गोष्टी साठवलेल्या असतात: तो पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे आणि कुठल्या मटेरियलचा आहे. सगळी करामत यातच आहे. खानापूरच्या बाजूचं एक कौलारू घर सध्या हातात आहे. जांभ्याचं जोतं, पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन. मालक काका म्हणाले, "ताई, आमच्या पावसातलं घर दिसू दे बघा, मुंबईचा बंगला नको." मी जोत्याच्या जांभ्यावर मटेरियल लॉक लावला आणि खालच्या दोनेक फुटांत ओलसर हिरवट वॉश फिरवला. ब्रश वृंदावनावरून, पडवीच्या खांबांवरून सरळ गेला, पण रंग लागला तो फक्त जांभ्याला. मग समोरची बाजू तशीच ठेवून फक्त बाजूची भिंत गडद करायची होती. मटेरियल दोन्हीकडे एकच, म्हणून तिथे दिशेचा लॉक, म्हणजे त्याच दिशेला तोंड असलेल्या भागालाच रंग लागतो. शेवटी अंतराप्रमाणे रंग फिका करत नेला, तशी मागची झाडं जुलैतल्या खानापूरसारखी धुकट झाली. काकांनी चित्रातल्या जोत्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं शेवाळ धरतंयच."

पण हे सगळं जमतं ते मॉडेल नीट असेल तरच. माझ्या मते पिरानेसीचं निम्म्याहून जास्त काम पिरानेसी उघडण्याआधी होतं, आणि नव्या मुलांना कुणी सांगत नाही ते हेच. ऑटोकॅडचा नुसता टू-डी प्लॅन आणि एलेव्हेशन इथे उपयोगाचं नाही; रेघेला पृष्ठभाग नसतो, मग मटेरियल चिकटणार कशाला? भिंती, छप्पर, ओटा सगळं फेस, म्हणजे पृष्ठभाग, असलेलं थ्री-डी हवं. सर्व्हेचं ड्रॉइंग आलं असेल तर आधी ते ओरिजिनपाशी, म्हणजे मॉडेलच्या शून्य बिंदूपाशी आणा. आपल्या भागाचे यूटीएम आकडे (सर्व्हेत जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) पूर्वेला साडेचार लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेला साडेसतरा लाखांच्या घरात जातात. तेवढ्या लांबवर स्केचअपमधलं (मी मॉडेल करते ते सॉफ्टवेअर) मॉडेल थरथरतं, फेस तुटल्यासारखे दिसतात.

मग मटेरियल. रंग सारखा असला तरी वस्तू वेगळी असेल तर मटेरियल वेगळं द्या. कौलं आणि कोन्याची कौलं वेगळी, चौकट आणि दार वेगळं, आतली भिंत आणि बाहेरची भिंत वेगळी. मी मॉडेलमध्ये मुद्दाम भडक रंग देते, जांभळं छप्पर, पिवळं जोतं, म्हणजे एखादा फेस राहिला तर लगेच डोळ्यात येतो. राहिलेले सगळे फेस एकाच डिफॉल्ट मटेरियलमध्ये जमा होतात आणि नंतर लॉक लावून वेगळे काढता येत नाहीत. उलटे फेसही (मागची बाजू पुढे आलेले) तपासा. खडेबाजारातल्या दुकानाचा व्ह्यू असेल आणि कन्नड-मराठी पाटीचं चित्र उलट्या फेसवर बसलं, तर दोन्ही लिप्या आरशातल्यासारख्या दिसतात.

स्केचअप प्रोच्या जुन्या आवृत्त्यांमधून इपिक्स थेट निघते. तुमच्या आवृत्तीत तो पर्याय आहे का बघून घ्या. नसेल तर पिरानेसीबरोबर येणारं वेदुते हे छोटं सॉफ्टवेअर मॉडेलची डीएक्सएफ किंवा थ्रीडीएस फाइल घेऊन इपिक्स करून देतं. एक्स्पोर्ट करताना आकारात कंजूषी नको. एथ्री कागदावर ३०० डीपीआयने छापायचं तर ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात. अंतर आणि मटेरियल यांना मधली छटा नसते, पिक्सेल एक तर भिंतीचा नाहीतर खिडकीचा, त्यामुळे कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. मोठं काढून अगदी शेवटी लहान करणं हाच त्यावर उपाय. आणि काम चालू असेतोवर फाइल इपिक्सच ठेवा. जेपेग केलं की अंतर गेलं, मटेरियलही गेलं.

जमीन एक्स्पोर्ट करायला विसरू नका. माणसांचे, झाडांचे कटआउट (कापून घेतलेली चित्रं) तिच्यावरच उभे राहतात. एकदा जमीन असली की माणूस मागे सरकवला तसा आपोआप लहान होतो, खांबाच्या मागे गेला तर तेवढा झाकला जातो. हे बघायला मला अजून आवडतं. कटआउट मात्र आपल्याकडचे करा. खानापूरच्या पडवीत ओव्हरकोट घातलेला गोरा माणूस उभा केला तर चित्र तिथेच मरतं. माझ्याकडे नऊवारीतल्या आजी आहेत, टोपीवाले आजोबा आहेत, छत्री धरलेली शाळकरी पोरं आहेत. सगळे घरच्या लोकांचे फोटो, विचारून काढलेले. फोटो ढगाळ दिवशी काढला तर तो कुठल्याही उजेडात चालतो. पार्श्वभूमी कापून अल्फा चॅनल (कुठला भाग पारदर्शक ते सांगणारी माहिती) द्या आणि पायाखाली रिकामी पट्टी ठेवू नका, नाहीतर माणूस जमिनीपासून वर तरंगतो. जांभ्याचं टेक्स्चरही सरळ समोरून, सावली नसताना टिपा, आणि चारही कडा जुळवून घ्या. ते भिंतीच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये नीट बसतं.

मर्यादा सांगायची तर एकच, पण मोठी: चित्र एका कॅमेऱ्याला बांधलेलं असतं. मालकाने "जरा डावीकडून दाखवा" म्हटलं की नवी इपिक्स काढून परत रंगवायला बसावं लागतं. म्हणून मी कोऱ्या राखाडी मॉडेलमधले तीन-चार व्ह्यू आधी व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि एक ठरल्याशिवाय ब्रश हातात घेत नाही. वॉकथ्रू हवा असेल त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर बघावं. कौलारू घर, वाडा, देऊळ, कॅम्पातले जुने बंगले असल्या कामांना मात्र मी पिरानेसीला पाचपैकी साडेचार देईन.