स्लीव्हनंतर वजन परत वाढलंय? ‘बिनटाक्याच्या रिव्हिजन’वाल्यांपासून सांभाळा

माझी स्लीव्हची शस्त्रक्रिया, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळीएवढं ठेवतात ती, 2017 ची. 121 किलोवरून 74 वर आले होते. मग लॉकडाऊन, घरून काम, दुखरा गुडघा असं करत करत काटा 96 वर गेला. ज्यांचं झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. लग्नकार्यात बायका आधी पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे. “एवढं ऑपरेशन करूनसुद्धा?” हे इतक्यांदा ऐकलं, की जुन्या सर्जनकडे जाऊन पुन्हा तेच ऐकायची हिंमत होईना. आमच्या या लाजेवर एक अख्खा धंदा उभा आहे.

मोबाइलवरच्या जाहिरातीत नंबर भरला आणि लगेच फोन आला. “ताई, यात तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी जठराची पिशवी मोठी ठेवली असणार.” बोलणारी मुलगी स्वतःला पेशंट कोऑर्डिनेटर म्हणवत होती. जुन्या डॉक्टरांबद्दल मनात शंका पेरायची आणि आपल्याला मोकळं करायचं, ही या लोकांची पहिली पायरी.

ऑफिस नवी मुंबईत, चकाचक. भिंतीभर आधीचे-नंतरचे फोटो. एका मशीनवर उभं केलं, त्यातून चिठ्ठी निघाली: ‘मेटाबॉलिक वय 61’. मी 44 ची. ती चिठ्ठी समोर ठेवूनच पुढचं सगळं बोलणं झालं. पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांच्या कार्डावर ‘सिनियर ओबेसिटी कन्सल्टंट’ एवढंच होतं. ना डिग्री, ना नोंदणी क्रमांक. त्यांचा उपाय म्हणजे पोटात घालायचा फुगा, म्हणजे गॅस्ट्रिक बलून. नाव मात्र दिलं होतं ‘बिनटाक्याची रिव्हिजन’; रिव्हिजन म्हणजे आधीच्या ऑपरेशनची दुरुस्ती. किंमत 2,40,000, आज बुक केलं तर 1,85,000. इन्शुरन्सचे पैसे नंतर मिळवून देऊ, आत्ता नुसते हप्ते करू. पॅन, आधार, ओटीपी, आणि कर्ज थेट त्यांच्या खात्यात जमा.

माझी जुनी फाईल, ऑपरेशन नोट्ससकट, त्या टेबलावर शेवटपर्यंत मिटलेलीच होती. कुणी हात लावला नाही. खरी रिव्हिजन करणारा सर्जन आधी तीच मागतो. मग दुर्बिणीची तपासणी, जठराचा आकार बघायला बेरियम किंवा सीटी, रक्तात बी-12, लोह, ड जीवनसत्त्व, आणि आहारतज्ज्ञांशी बोलणं. वजन पिशवी ताणल्यामुळे वाढलंय, खाण्यामुळे, औषधांमुळे की भुकेच्या हार्मोन्समुळे, हे कळल्याशिवाय काय दुरुस्त करणार? शिवाय दुसऱ्यांदा पोट उघडण्यात पहिल्यापेक्षा जास्त धोका असतो.

ठरल्या दिवशी एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या दुर्बीणवाल्या डॉक्टरांनी सहज विचारलं, “आधी पोटाचं काही ऑपरेशन?” मी स्लीव्ह म्हटल्यावर त्यांनी हातातला फॉर्म माझ्यासमोर धरला. त्यावर कुणीतरी ‘नाही’ अशी खूण करून ठेवली होती. जठरावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर फुगा घालू नये, हे फुगा बनवणाऱ्या कंपन्यांच्याच सूचनांत असतं. जठर फाटू शकतं. त्या डॉक्टरांनी सरळ नकार दिला. मी आज धडधाकट आहे ती त्यांच्यामुळे.

पैसे परत मागितल्यावर कोऑर्डिनेटरचा ‘ताई’चा ‘मॅडम’ झाला. पावती नीट बघा म्हणे. पावतीवर शस्त्रक्रियेचा शब्दच नाही: ‘वार्षिक वेलनेस प्रोग्रॅम’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘नॉन रिफंडेबल’. अशा पावतीवर कुठली विमा कंपनी पैसे देईल? तसाही माझा क्लेम बसलाच नसता. पॉलिसीच्या ठरलेल्या अटींप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 लागतो, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला मधुमेह यांपैकी काहीतरी. माझा 38, आणि साखर गोळ्यांवर नीट आहे. हे त्यांना माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

अॅपवरून घेतलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ‘कूलिंग-ऑफ’ची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत किती, ते ईमेलवर येणाऱ्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या गोषवाऱ्यात, लिहिलेलं असतं. क्लिनिकमधली मुलगी हे सांगणार नाही.

जुन्या सर्जनकडे अखेर गेले. ते ओरडले नाहीत. स्लीव्हनंतर काही वर्षांनी थोडंफार वजन परत येणं नेहमीचंच आहे म्हणाले. तपासणीत हायटस हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. रात्रीची जळजळ त्याची होती. आत्ता आहार आणि वजनाच्या इंजेक्शनवर आहे, जळजळ राहिलीच तर जठराच्या बायपासचा विचार. जुनी कागदपत्रं हरवली असतील तर हॉस्पिटलकडे लेखी मागा; मागणीनंतर 72 तासांत ती द्यावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. समोरचा खरंच डॉक्टर आहे का, ते नोंदणी क्रमांक मागून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघता येतं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली; कंपनीने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. कंपनीचं उत्तर आलंय की आम्ही वैद्यकीय सेवा देतच नाही, फक्त वेलनेस. त्यावर तोड म्हणून मी कोऑर्डिनेटरचा व्हॉट्सअॅप मेसेज लावलाय: ‘ताई तुमची सर्जरी सकाळी 8 ला, रात्री 10 नंतर पाणी पण नको’. तुमच्या पावतीवरही वेलनेस प्रोग्रॅम लिहिलं असेल, तर भांडायला जायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. माझ्याशी वाद झाल्यावर त्यांनी त्यांच्या बाजूचे बरेच मेसेज डिलीट केले. हा एक तेवढा राहिला, कारण मी तो आधीच नवऱ्याला फॉरवर्ड केला होता.