८×४२ दुर्बीण, ४० ग्रॅमच्या खारीसाठी

दुर्बीण घेऊन सहा महिने झाले, आता लिहितो. गावातल्या एका दुकानात गेलो तर तिथला दादा म्हणाला २०×५० न्या साहेब, रंकाळ्याच्या ह्या काठावरनं पलीकडच्या भेळेतला कांदा दिसतोय. बघितलं की, दिसतोय पण हात एवढा हलतोय की कांद्यासकट भेळवाला नाचतोय. शेवटी ८×४२ घेतली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटर रुंद, साडेनऊ हजार गेले.

मला बघायची होती डस्की स्ट्राइप्ड स्क्विरल. आपल्या दारातल्या खारूताईची चुलत बहीण, पण जेमतेम ४० ग्रॅमची, आणि पाठीवरचे पट्टे असे की धुऊन धुऊन विटलेत. कोडगूपासून खाली सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलातच राहते, तिथं चहा-कॉफीच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे पडलेत, आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत व्हल्नरेबल, म्हणजे धोक्यात आलेली, आहे. श्रीलंकेतली पण हीच असं धरत होते, २०१२ मध्ये ती वेगळी जात ठरवली. आपल्या दाजीपूरच्या शेकरूला काय, एवढं मोठं धूड वरनं ओरडत असतंय, मान वर केली की झालं. ही मात्र गप, खाली झुडपातनं सरपटल्यागत पळणारी.

आणि त्या जंगलात भर दुपारी दिवेलागणीएवढाच उजेड. ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच मिलिमीटर, एवढ्या रुंदीचा उजेड डोळ्यात येतो. २०×५० चा हाच हिशोब केला तर अडीच. दादानं हे काय सांगितलं नाही.

तिकडं तमिळनाडूत डोंगरातल्या वालपराईला गेलो, आळियारकडनं ४० हेअरपिन वळणं, एक मित्र निम्म्यातच आडवा. सिंहपुच्छ माकडं पहिल्याच दिवशी रस्त्यावर. खार तिसऱ्या सकाळी, ती पण कुठं, तर पायापासनं तीन मीटरवर! एवढ्या जवळचं फोकस होणं हीच खरी परीक्षा. बॉक्सवर २ मीटर लिहिलंय, मी घरी टेप लावून मोजलेलं, अडीचला येतंय, पण त्यानंच काम झालं. कान, मिशा, ते विटके पट्टे, पाच-सहा सेकंद असेल. मित्राकडं त्याच्या मामांची जुनी १०×५०, तो बिचारा फोकस होईना म्हणून एकेक पाऊल मागं जात जात जळवांच्यात जाऊन उभारला.

तक्रारी आहेत. पुढच्या काचेची झाकणं एवढी ढिली की एक पहिल्याच आठवड्यात रंकाळ्यात पडलं, दुकानात मागितलं तर नुसतं झाकण मिळत नाही म्हणे. आत नायट्रोजन भरलेला म्हणून आतनं धुकं धरत नाही हे खरं, बाहेरची काच मात्र दर पाच मिनिटांनी पुसा. चष्मेवाल्यांनी रबरी कडा खाली करून आधी दुकानातच बघा.

आणि सोबतचा पट्टा मानेला कचतोय, तो काढून टाकला. चप्पल लाइनला एकाकडनं चामड्याचा शिवून घेतला, दुर्बिणीपेक्षा आता लोक त्याचीच चौकशी करतेत.