धुळ्यातील सीसीटीव्ही दुरुस्ती सेवा : आधी मोजमाप, मग खर्च

घरच्या कॅमेऱ्यांचे चित्र गेले की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : संच जुना झाला, डीव्हीआरसह (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासह) सगळे बदलून टाका. देवपूरमधील आमच्या घरी बसवलेल्या चार कॅमेऱ्यांच्या बाबतीतही, ज्यांनी हा संच बसवला होता त्यांनी वायरीला हात न लावता नव्या संचाचे दरपत्रक दिले. त्यानंतर आग्रा रोड परिसरातील एका लहान दुकानाच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने केलेल्या कामाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी हे त्याच्या कामातून नीट कळते.

आमच्याकडील तक्रार एक नव्हती, तीन होत्या, आणि त्या एकत्र दिसत असल्यामुळे सगळाच संच निकामी झाल्यासारखा वाटत होता. बैठकीतील टीव्हीवर फक्त ‘नो सिग्नल’ येत होते. फाटकाजवळच्या कॅमेऱ्याचे चित्र कधीच दिसत नव्हते. मागच्या अंगणातील कॅमेरा दिवसा व्यवस्थित चाले आणि अंधार पडला की बंद होई. तंत्रज्ञाने डीव्हीआर उघडण्याआधी आमच्या मोबाइलमधील अ‍ॅप पाहिले. त्यात तीन कॅमेऱ्यांची चित्रे स्वच्छ दिसत होती, म्हणजे डीव्हीआर काम करत होता आणि टीव्हीवरचा अंधार डीव्हीआर ते टीव्ही एवढ्याच टप्प्यातला होता. एचडीएमआय केबल बदलताच टीव्ही सुरू झाला. ‘नो सिग्नल’ हा संदेश टीव्ही देतो आणि ‘व्हिडिओ लॉस’ हा डीव्हीआर देतो, हा फरक त्याने आमच्या घरातील आप्पांना शांतपणे समजावून सांगितला. टीव्हीवर काही दिसत नाही एवढ्यावरून डीव्हीआर भंगारात काढणे किती चुकीचे ठरले असते, हे त्या एका केबलने दाखवून दिले.

खरे कसब दिसले ते रात्री बंद पडणाऱ्या कॅमेऱ्यात. अंधारात कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याला लागणारा करंट वाढतो, आणि वीजपुरवठा अशक्त असेल तर नेमक्या त्याच वेळी व्होल्टेज खाली बसते. त्यामुळे त्याने दुपारी काम संपवून न जाता दिवेलागणीनंतर पुन्हा येऊन व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट हवे असताना त्याच्या टोकाशी जेमतेम ९ व्होल्ट पोहोचत होते. ‘‘कॅमेरा बरा शे आप्पा, पॉवर कमी पडी ऱ्हायनी,’’ असे तो म्हणाला आणि थेट गच्चीवरच्या पेटीकडे गेला. चारही कॅमेऱ्यांना वीज देणारा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस पत्र्याच्या शेडखाली बसवलेला होता. धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. एसएमपीएसमधील कपॅसिटरचे (वीज तात्पुरती साठवणाऱ्या लहान भागाचे) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील जुना ठोकताळा आहे. आमच्या एसएमपीएसचे कपॅसिटर फुगलेले स्पष्ट दिसत होते. त्याने नवा एसएमपीएस बसवला आणि पेटी जिन्याखालच्या सावलीच्या भिंतीवर हलवली. मूळ बसवणाऱ्याने हा विचार करायलाच हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

फाटकाजवळच्या कॅमेऱ्यासाठी त्याने वापरलेली पद्धत साधी पण निर्णायक होती. कॅमेरा खाली उतरवून, सोबत आणलेल्या लहान केबलने आणि स्वतःच्या अ‍ॅडाप्टरने तो सरळ डीव्हीआरला जोडला. चित्र लगेच आले. म्हणजे कॅमेरा आणि डीव्हीआरचे चॅनेल दोन्ही निर्दोष होते आणि दोष मधल्या वायरीत होता. वायरीच्या टोकाची बीएनसी जोडणी पावसाळ्यातील ओलाव्याने हिरवी पडली होती, ती कापून नवी लावली. तरीही चित्रात आडव्या रेषा राहिल्या, कारण अंतर लांब होते आणि थ्री प्लस वन केबलमधील (चित्राची एक वायर आणि तीन बारीक तारा एकत्र असलेल्या केबलमधील) वीज नेणाऱ्या तारा शुद्ध तांब्याच्या नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या निघाल्या. अशा तारेचा विद्युतरोध तांब्याच्या तारेच्या साधारण दीडपट असतो, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज कमी पोहोचते. सगळी केबल नव्याने ओढण्याचा खर्च न सुचवता त्याने फाटकाजवळच्या दिव्याच्या जोडणीवरून त्या कॅमेऱ्यासाठी वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर बंद पेटीत बसवला. मोठे बिल करण्याची संधी असताना लहान उपाय सुचवणारा कारागीर आजकाल सहज भेटत नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल आदर वाटतो.

चित्र आले म्हणजे काम झाले, असे त्याने मानले नाही. मागच्या तारखेचे रेकॉर्डिंग उघडून हार्ड डिस्क खरोखर लिहीत आहे की नाही हे पाहिले, तेव्हा डीव्हीआरची तारीख भलतीच निघाली. वीज गेली की घड्याळ मागे जात होते. आतील सीआर २०३२ हा छोटा सेल संपला होता. चोरीच्या वेळी पोलिसांना दाखवायचे चित्र चुकीच्या तारखेचे असेल तर त्यावर आधी शंकाच घेतली जाते, त्यामुळे काही रुपयांच्या सेलचे हे काम मला एसएमपीएसइतकेच मोलाचे वाटले.

उणिवाही सांगायला हव्यात. ठरलेल्या वेळेपेक्षा तो बराच उशिरा आला आणि तसे फोन करून कळवले नाही. काढलेले सुटे भाग त्याने स्वतःहून दाखवले, पण नव्या एसएमपीएसच्या वॉरंटीची नोंद असलेले बिल मात्र मागावे लागले. डीव्हीआरचा पासवर्ड त्याने तपासणीसाठी सोपा करून ठेवला होता, तो आम्ही नंतर बदलला. घरात येणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञाच्या बाबतीत हे प्रत्येकाने करावे.

मजुरी आणि साहित्य मिळून झालेला एकूण खर्च आधी मिळालेल्या दरपत्रकाच्या लहानशा हिश्श्याएवढा होता. या दुकानात मुख्यतः कोअॅक्सिअल वायरीवरच्या, म्हणजे आमच्यासारख्या, कॅमेऱ्यांचे काम होते. नेटवर्क केबलवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांची तक्रार असेल तर बोलावण्याआधी फोनवर तसे स्पष्ट सांगावे, कारण त्या कामासाठी ते दुसऱ्या तंत्रज्ञाला पाठवतात.