किनाऱ्यावरची गाडी की घाटातली? इंजिन तापल्याच्या खुणा कुठे बघाल

रत्नागिरी, गुहागर, मालवणकडे जुनी गाडी बघायला निघालात की साधारण दोन तऱ्हेच्या गाड्या पुढ्यात येतात. एक बंदर-बाजार एवढीच फिरलेली, दुसरी कुंभार्ली नाहीतर आंबा घाटात सतत वर-खाली केलेली. इंजिन दोन्हींचं तापू शकतं, पण खुणा वेगळ्या जागी सापडतात.

किनाऱ्यावरच्या गाडीत खारी हवा रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी खाते. एसीच्या गाडीत समोरून दिसते ती बहुतेक कंडेन्सरची, म्हणजे एसीच्याच एका भागाची जाळी. रेडिएटर तिच्यामागे असतो, तेव्हा टॉर्च घेऊन वरून डोकवा. पांढरी भुकटी धरली असेल, नखाने हलकेच घासल्यावर पत्रे गळून पडत असतील, तर रेडिएटर बदलायला झालाय.

घाटातली गाडी वरून चकाचक असू शकते, म्हणून तिला जास्त वेळ द्या. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलंत तर उकळतं पाणी तोंडावर उडेल. आत स्वच्छ, रंगीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, हवं. गढूळ, गंजकट पाणी दिसलं तर कूलंटऐवजी साधं पाणी ओतून गाडी चालवलेली असण्याची शक्यता मोठी. वर तेलाचा तवंग असेल तर पुढे बोलणीच करू नका. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, ओढा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्या सांध्यातलं सील, गेल्याचीच शंका घ्या. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस धरतो. तो दमटपणाचा असू शकतो. डिपस्टिक आणि कूलंट स्वच्छ असेल तर तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. हेडच्या सांध्यावर ताजं सिलिकॉन, बोल्टांवर पान्याचे नवे ओरखडे दिसले, की हेड कधी आणि का उतरवलं ते विचारा, कामाचं बिल बघा.

माझं मत स्पष्ट आहे. जाळी खराब पण ऑइल-कूलंट स्वच्छ, अशी गाडी रेडिएटरचा खर्च किमतीतून कापून खुशाल घ्या. रेडिएटर नवाकोरा, हेड उघडलेलं आणि बिलाचा पत्ता नाही, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. भर पावसात, मुलाबाळांसकट घाटात अडकायची पाळी कुणावरच येऊ नये.

व्यवहार ठरवण्याआधी एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. इंजिन तापल्यावर पंखा आपोआप फिरला पाहिजे. गार इंजिनाला चावी फिरवताक्षणीच तो सुरू झाला, तर वायर थेट जोडलेली असू शकते; ती कुणी आणि कशासाठी जोडली, याचं उत्तर मालकाकडून घ्या.