जागा छोटी, खाणं कमी: सेल कॅमेरा घ्यावा की दुर्बीण?

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा बो सीझन 1 ऑक्टोबरला उघडतो, त्यामुळे ऑगस्ट संपत आला की आपल्या डेट्रॉइटकडच्या मंडळींचं सुरू होतं, कॅमेरा कुठला घेऊ. मी दोन्ही करून बघितलंय, झाडाला सेल कॅमेरा (जनावर हललं की फोटो काढून मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारा) बांधून फोनवर फोटो बघणं आणि संध्याकाळी लांब बसून दुर्बिणीतून बघणं. मेगापिक्सेल वगैरे सगळीकडे मिळतं, ते सोडून देतो.

आधी जागा, कारण सगळं तिथेच ठरतं. मी जातो ती जमीन मित्राची, बरीचशी दलदल, बाकी पाइन, आणि मधल्या उंचवट्यावर व्हाइट ओकची मोजकी झाडं. शेत नाहीच. मका आणून टाकावा तर लोअर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या खालच्या भागात, सीडब्ल्यूडी या हरणांच्या जीवघेण्या रोगाच्या भानगडीमुळे 2019 ला बेटिंगवर, म्हणजे आमिष म्हणून खाणं टाकण्यावर बंदी आली, तो विषय संपला. मग उरतात ओकची फळं. व्हाइट ओकचं फळ एका सीझनमध्ये तयार होतं, कडवटपणा कमी, ते पडायला लागलं की हरणं रेड ओककडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत.

आता कॅमेरा. सुरुवातीला भारी वाटतं हो, मीटिंगमध्ये बसलोय आणि फोनवर टिंग, मादी आणि दोन पाडसं. मग रोज तेच. पहाटे पावणेतीन, तीच मादी, मान खाली, अर्धी फ्रेमच्या बाहेर. अहो, ती ओकखाली येणार हे मला माहितीच होतं, दुसरीकडे जाणार कुठे! मला हवं होतं ती येते कुठून, दलदलीतून की पाइनच्या कडेने, कारण वारा कुठला असताना कुठल्या झाडावर बसायचं ते त्यावर ठरतं, आणि नेमकं तेवढंच कॅमेरा सांगत नाही. वाटेवर सरकवावा तर वाटा तीन आणि कॅमेरा एक. अजून दोन घे म्हणाल, तर प्लॅनचे पैसे वाढतात, ते एकवेळ चालेल, पण सरकवायला आत गेलं की आपला वास मागे राहतो आणि एवढ्याशा जागेत ते परवडत नाही. माझं मन तिथेच उडालं.

दुर्बीण घेऊन मी गोठ्याच्या मागे बसतो, वारा तोंडावर असेल तेव्हाच. मादी दलदलीतून निघते, पडक्या कुंपणाशी थांबते, एक कान मागे वळवते, मग पाडसं पुढे. नर मात्र वारा जिकडे वाहतो त्या बाजूने लांबून वळसा घालून, उजेड जाताजाता. हा वळसा फोनवर कधीच दिसला नव्हता, आणि झाडावर बसायचं माझं स्टँड कुठे बांधायचं ते त्यानेच ठरलं.

त्रास आहेच, डास फोडून काढतात, पानगळ होईपर्यंत आतलं फारसं दिसत नाही, रात्रीचं तर काहीच नाही. तुम्ही दोन तासांवर राहत असाल किंवा घरी लहान पोरं असतील तर कॅमेराच बरा, उगाच माझं ऐकू नका. पण जमीन घराजवळ असेल आणि खायची जागा एकच असेल, तर मी तरी आधी बऱ्यापैकी 8 बाय 42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण घेईन.

माझा कॅमेरा सध्या गेटवर बांधलाय, परवानगी न घेता कोण आत शिरतं ते बघायला. तिथे एकदम चोख काम करतो.